बंद घरांचा कारभार

गौरी-गणपतींचे विसर्जन आटोपले, म्हणजे दापोली तालुक्यातील गावोगावहून मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, आणि ज्या घरांनी आठवडाभर आरत्या, झांजा, पत्त्यांचे डाव आणि पंक्तींवर पंक्ती अनुभवल्या, त्यांची दारे एकामागून एक लागत जातात. निघणारी मंडळी अंगणात उभी राहून कुलूप दोन-तीनदा ओढून पाहतात, किल्ली शेजाऱ्याच्या किंवा माझ्यासारख्या एखाद्याच्या हवाली करतात, 'जरा लक्ष असू द्या' एवढे म्हणतात आणि गाडीत बसतात. लक्ष असू देणे म्हणजे नेमके काय करणे, किती वेळा करणे, त्यापायी खर्च पडला तर तो कोणी व कोणाच्या हुकमाने करणे, याविषयी अवाक्षरही निघत नाही; आणि एरवी दूरचित्रवाणी संचाचे हमीपत्र वर्षानुवर्षे जपून ठेवणारा, बँकेच्या प्रत्येक कागदावर चष्मा लावून नजर फिरविणारा गृहस्थ आजा-पणजाने बांधलेली वास्तू अशा मोघम शब्दांवर सोडून निर्धास्तपणे घाट चढतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उमेदीची वर्षे काढल्यावर, निवृत्तीनंतर मी हा बंद घरांचा कारभार अंगावर घेतला. प्रारंभी तो स्नेह्यासोबत्यांच्या भिडेखातर होता. पुढे त्याला वेतन, वही आणि नियम आले, आणि त्याचा रीतसर व्यवसाय झाला. आसूद, मुर्डी, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातील पुष्कळ घरांच्या किल्ल्या माझ्या खुंटीवर आहेत. त्यांत चौसोपी वाडे आहेत, चार खणांची कुणबाऊ घरे आहेत, आणि अलीकडच्या काळात बांधलेले काचांचे बंगलेही आहेत. या सर्वांच्या मालकांना मी जे पुनःपुन्हा सांगत आलो, तेच एकत्रितपणे मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

घर बंद राहणे ही कोकणात फार जुनी गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत अगर पेढीवर चाकरीस जाणारा पुरुष पूर्वी एकटा जाई. खाणावळीत जेवून, दहा-बारा जणांच्या खोलीत पथारी टाकून तो दिवस काढी आणि दरमहा मनिऑर्डर धाडी. मागे आईबाप, बायको, मुले, गुरेढोरे असत. पावसाळ्यात आगबोटी बंद पडून त्याचा गावाशी संबंध जवळजवळ तुटे, तरी घरातली चूल पेटती राही. कालांतराने बायकामुले मुंबईस गेली, मागे एकटी म्हातारी उरली, आणि म्हातारी गेल्यावर कुलूप लागले. आमच्याकडील बहुतेक बंद घरांचा इतिहास इतकाच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने पुष्कळांना गावच्या घराचा आश्रय पुन्हा घ्यावा लागला, तेव्हा काही कुलपे निघाली. पण ती काढणारी पिढी काळाआड गेल्यावर पुन्हा लागली. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि पाठोपाठ घरोघरी मोटारी आल्या, तेव्हा येणे-जाणे सुलभ झाले खरे, परंतु मुक्काम आखडला. पूर्वीचा चाकरमानी मे महिन्याची रजा काढून येई आणि घर शाकारूनच परते. आताचा शुक्रवारी रात्री निघतो, रविवारी दुपारी परततो, आणि तेवढ्या अवधीत केर काढण्यापलीकडे घराचे काहीही होत नाही.

मालकाच्या मनात धास्ती असते ती चोराची. म्हणून दाराला एकाऐवजी दोन कुलपे लागतात, खिडक्यांना जाळ्या बसतात, आणि हल्ली ओटीवर एक कॅमेरा येतो, जो श्रावणात वीज गेली की सर्वांच्या आधी डोळे मिटतो. चोऱ्या होत नाहीत असे नव्हे. तांब्याची घंगाळी, पितळी समया, पाण्याचा पंप या वस्तू नाहीशा होतात. परंतु चोराने घर पाडल्याचे एकही उदाहरण माझ्या माहितीत नाही. घर पडते ते पाण्याने.

आमच्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे मालक गणपतीला येऊन पोचतो, तेव्हा त्याचा मोठा हिस्सा कोसळून गेलेला असतो, आणि जे व्हावयाचे ते होऊन चुकलेले असते. जुन्या घराचे जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे. भिंती चिऱ्याच्या असल्या तरी आतले सांधे मातीचे, आणि साध्या घरातून तर भिंतच मातीची. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी धरून ठेवतो. माती पाणी पिते आणि सुटते. तेव्हा या साऱ्या रचनेची मदार छपरावर असते. पाखे इतके खाली उतरविण्याचे, आणि घराभोवती पडव्या फिरविण्याचे कारण हेच, की पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून शक्य तितके लांब पडावे. ज्या भिंतीवर पावसाचा मारा थेट येतो, तिला जुने लोक ज्येष्ठाआधी नारळीच्या झापांची आडोशी बांधीत. आज तिथे निळे प्लॅस्टिक दिसते. डोळ्यांना ते खुपते, परंतु घट्ट बांधले असेल तर काम करते, आणि काम करणाऱ्या वस्तूबद्दल मी तक्रार करीत नाही.

कौलांविषयी मात्र सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. पूर्वी आमच्याकडे नळीची कौले असत, ती गावचा कुंभार भाजून देई. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर खाचेची, सपाट, मंगलोरी कौले हळूहळू साऱ्या किनारपट्टीवर पसरली. या कौलाचा गुण असा, की ते चुन्याने अगर खिळ्याने जखडलेले नसते. रिपेला टोके अडकवून ते केवळ स्वतःच्या भाराने पडून असते, आणि म्हणून एकटा माणूस आतल्या बाजूने ते सरकवू शकतो. त्याचा दोषही तोच. माणूस जे आतून सरकवितो, ते माकड बाहेरून सरकविते. एक टोळी छपरावरून पळत गेली, की पाच-पंचवीस कौले जागची हालतात. आणि ती हालली आहेत हे ज्याला रात्री अंथरुणात थेंब पडल्यामुळे कळावयाचे, तो डोंबिवलीस निजलेला असतो. छपरावर काटेरी फांद्या टाकणे, डबे टांगणे, जाळी अंथरणे असे नाना उपाय लोक करतात. मीही करून पाहिले आहेत. या प्राण्यापुढे माझी हिकमत चाललेली नाही, एवढे नमूद करतो.

छपराची तपासणी बाहेरून करावयाची नसते. वैशाखातल्या लख्ख उन्हाच्या दुपारी मी माळ्यावर चढतो, खालची दारेखिडक्या लावून घेण्यास सांगतो, विजेरी विझवितो, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत आढ्याखाली स्वस्थ बसून राहतो. काही वेळाने छपरातले सारे दोष प्रकाशाने उघडे पडतात: भेग गेलेल्या कौलाची बारीक रेघ दिसते, सरकलेल्या कौलाची एक कड उजळते, आणि टवका उडालेला असेल तिथून रुपयाएवढा कवडसा खाली पडतो. खूण करावयाची ती वाशावर खडूने. जमिनीवरच्या कवडशाभोवती रेघ ओढून उपयोग नाही, कारण तो उन्हाबरोबर सरकत जातो. मग वरचे कौल तळहाताने किंचित उचलून फुटके खाली ओढून घ्यावयाचे, नवे त्या जागी वर सारावयाचे, आणि त्याची टोके रिपेवर बसल्याचा बारीकसा आवाज ऐकून पुढल्या खुणेकडे वळावयाचे. हे काम पाऊस सुरू झाल्यावर करता येत नाही असे नाही. पण तेव्हा गळण्याची जागा ओळखणे अतिशय कठीण होते. पाणी शिरते एकीकडे, वाशाच्या पोटावरून ओघळत जाते, आणि टपकते आठ-दहा हात अंतरावर, एखाद्या निरपराध कौलाखाली. मजघरातील ओल पाहून तिच्या नेमक्या वरची कौले बदलणारे कारागीर मी पाहिले आहेत. ओल जागची हालत नाही, फक्त मजुरी जाते.

यासंबंधी एक व्यावहारिक सूचना येथेच करून ठेवतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा परस्परांशी जुळत नाहीत. अर्ध्या बोटाचा फरकही पाणी आत घेण्यास पुरतो. तेव्हा घर नव्याने शाकारताना अथवा मागली पडवी पाडताना निघालेली जुनी, धड कौले कोणास देऊ नयेत. न्हाणीघराच्या भिंतीला उभी रचून ठेवावीत. ती विकत मिळत नाहीत.

पाण्यामागोमाग वाळवी येते. हा कीटक अंगाने इतका नाजूक असतो, की उघड्या कोरड्या हवेत तो फार काळ तग धरीत नाही. म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत जाण्यासाठी भिंतीवर मातीची बंद नळी बांधीत तो चढतो. मालकमंडळी गणपतीला आली, की या नळ्या पाहून त्यांना शिसारी येते, आणि खराट्याच्या एका फटकाऱ्यासरशी त्या साफ होतात. माझी विनंती अशी असते, की त्या झाडू नयेत. नळी कोठून निघाली, कोणत्या सांध्याशी गेली, कोणत्या तुळईपाशी नाहीशी झाली, हा सगळा पुरावा असतो, आणि पंचनाम्याआधी पुरावा नष्ट करू नये. मी नळीचा बोटभर तुकडा चाकूने काढतो, वहीत तारीख घालतो, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा जातो. भगदाड ओल्या मातीने बुजविलेले आढळले, तर वारूळ जिवंत आहे आणि औषधाची तजवीज जमिनीतच करावयास हवी. तसेच राहिले, तर बहुधा ती वाट सोडून दिलेली असते. लाकडाची पारख स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून होते. धड तुळई भरीव बोलते, पोखरलेली पोकळ. सागाचा काळसर गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण त्याच सागाची बाहेरची पांढुरकी साल ती आवडीने खाते, फणस टिकतो, आणि आंब्याच्या फळ्या स्वस्त म्हणून ज्यांनी माळ्याला घातल्या, त्यांना त्या स्वस्त पडलेल्या नाहीत.

येथे मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कित्येक घरांतून मी असे पाहिले आहे, की पाहुण्यांच्या खोलीचे, कधीकाळी हौसेने रंगविलेले वासे भुंग्याने भुसा होऊन गेलेले असतात, आणि स्वयंपाकघराचे, काजळीने काळेकुट्ट झालेले, ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेही नाही असे वासे लोखंडासारखे खणखणीत राहतात. चुलीचा धूर रोज दोन वेळा त्यांच्यातून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर जाई. त्याने लाकूड कोरडे राही आणि किडा बसत नसे. जमीन सारविताना भिंतीच्या कडेच्या नळ्या आपसूक मोडत. केर काढताना कोपरे हलत. कपाट उघडले जाई तेव्हा त्यात वारा शिरे. म्हणजे घरात राहणारी माणसे घराची देखरेख करीत आहेत असे त्यांच्या मनातही नसे, आणि तरी ती अहोरात्र चालू असे. देखरेख करणाऱ्याला हे सारे मुद्दाम, हिशेबाने आणि वारांवर करावे लागते. माझा गडी दर भेटीत चुलीत नारळाची सोडणे पेटवितो ती याच कारणासाठी. शेजारपाजारच्यांना प्रथम तो चेष्टेचा विषय वाटला, आता त्यांतले काहीजण स्वतःच्या माडीखालीही धूर करू लागले आहेत.

हवा खेळती ठेवावी हे सर्वांस ठाऊक असते. केव्हा खेळवावी हे ठाऊक नसते. जुलै-ऑगस्टात झड लागलेली असताना साऱ्या खिडक्या उघडून बसणे म्हणजे बाहेरची ओल आत बोलावणे होय. उघडीप पडावी, ऊन दोन-तीन तास स्थिर राहावे, आणि मगच घर उघडावे. दुपार कलण्याआधी बंद करावे. लाकडी कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेली असावीत. गाद्यांच्या वळकट्या करून त्या वाशांना दोरीने टांगाव्यात, म्हणजे खालून वारा लागतो आणि उंदरास सायास पडतात. सामानाच्या खोलीत कळीचा चुना मडक्यात ठेवण्याची जुनी चाल चांगली आहे, कारण तो हवेतले पाणी शोषून घेतो आणि त्याची भुकटी झाली की बदलण्याची वेळ आली हे सहज कळते. मात्र त्याला ओला हात लावू नये, भाजतो. सनदा, वाटणीपत्रे, खरेदीखते असले मूळ दस्तऐवज बंद घरात मुळीच ठेवू नयेत. कसरीला मोडी वाचता येत नाही.

नवे बंगले या बाबतीत सुरक्षित असतील अशी पुष्कळांची समजूत आहे. माझा अनुभव उलट आहे. सिमेंटचा स्लॅब, ॲल्युमिनियमच्या घट्ट सरकत्या खिडक्या आणि आत एकही झरोका नाही, अशा घरात श्रावण संपेतो चामड्याच्या चपलेपासून देव्हाऱ्यातल्या तसबिरीपर्यंत सर्व वस्तूंवर बुरशीची लव येते. जुन्या घराला निदान कौलांच्या फटींतून श्वास घेता येतो. शिवाय संडास-मोरीच्या खाली वाकड्या नळीत जे पाणी साठलेले असते, ते उन्हाळ्यात आटले की गटाराची दुर्गंधी व झुरळे सरळ वर येतात. निघताना त्यात तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडावे, पाणी लवकर उडत नाही. मुंबई-पुण्याच्या सदनिका वर्षानुवर्षे बंद ठेवून परदेशी राहणाऱ्यांनाही ही युक्ती उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वर जे जे सांगितले, ते सर्व करण्यास पैसा लागतो, आणि तो नेमका अशा वेळी लागतो की मालकास विचारीत बसण्यास अवसर नसतो. ज्येष्ठाच्या आरंभी मुंबईहून दूरध्वनी येतो.

'काका, घर ठीक आहे ना?'

'ठीक आहे, पण मागल्या पडवीचे तीन वासे गेलेत. आत्ताच बदलले तर बरं.'

'गणपतीला येतोच आहे ना, तेव्हा बघू. तोवर तुम्ही आहातच.'

ज्येष्ठ आणि गणपती यांच्यामध्ये अवघा पावसाळा असतो. मी तिथे असतोच, यात संशय नाही. परंतु माझ्या असण्याने वासा उभा राहत नाही. तीन वासे बसतात, त्यांवरची कौले एकात एक घसरतात, भिंतीच्या माथ्यावर पाण्याची धार लागते, आणि गणपतीला आलेले गृहस्थ तीन वाशांऐवजी एक भिंत पाहतात. खर्चाचा अधिकार नसलेला राखणदार हा केवळ साक्षीदार असतो. घर कसे पडले हे तो इत्थंभूत सांगू शकतो, यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा हे सत्य आमच्या साऱ्या पंचक्रोशीस एका दुपारी शिकावे लागले. आंजर्ले-केळशीकडील छपरांची कौले पानांसारखी उडाली, माड आणि पोफळी घरांवर आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे मालक मुंबईत अडकलेले. विजेचे खांब कोसळल्याने वीज गेली, ती कित्येक गावांतून आठवडेच्या आठवडे आली नाही. दूरध्वनी मुके झाले. मोसमी पाऊस आठ-दहा दिवसांवर येऊन ठेपलेला. अशा स्थितीत ज्या घरांच्या बाबतीत 'अमुक रकमेपर्यंत न विचारता खर्च करावा' असा लेखी शेरा माझ्याकडे होता, त्यांवर मिळेल ती ताडपत्री मिळेल त्या भावाने घेऊन आम्ही दुसऱ्याच दिवशी चढविली. बाकीच्यांच्या मालकांशी बोलणे होईपर्यंत ताडपत्री बाजारात उरली नव्हती, पत्र्यांचे भाव भडकले होते, आणि मातीच्या भिंती माथ्यापासून भिजू लागल्या होत्या. त्यांतली काही घरे आज जोत्याच्या चौथऱ्यापुरती उरली आहेत. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर निघून गेले, तेव्हा लेखी शेऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली होती.

सामायिक घराची कथा याहून अवघड. चार भावांचे चार हिस्से, प्रत्येकाच्या खोलीला त्याचे कुलूप, देवघर सर्वांचे, आणि छप्पर कोणाचेच नव्हे. थोरल्याच्या खोलीवरचे कौल फुटले तर पाणी धाकट्याच्या खोलीत येते. थोरला म्हणतो माझी खोली कोरडी आहे, धाकटा म्हणतो कौल माझे नाही. अशा घरी मी एक अट घालतो: भावांनी आपापसात काय ते भांडावे, परंतु छपराचा निधी एकत्र असावा आणि त्याचा हिशेब एकाच वहीत राहावा. ही अट मान्य न झाल्यास मी किल्ली घेत नाही. असे नकार मी दिले आहेत, आणि त्यायोगे काही जुने स्नेह दुरावले आहेत.

अधिकार लिहून देण्यास मालक का कचरतात, याचेही कारण आहे, आणि ते उपेक्षणीय नव्हे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांकडे जमिनी जाण्याचा जो कायदा अमलात आला, त्याची स्मृती कोकणातील जमीनदार घराण्यांतून अद्यापि पुसलेली नाही. शेतजमीन व राहते घर यांतील भेद विसरून, 'किल्ली दिली की कबजा गेला' अशी एक भीती पिढीजात चालत आली आहे. बारा वर्षे ताबा राहिला म्हणजे घर राखणाऱ्याचे होते, असे पारावर छातीठोकपणे सांगितले जाते. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मर्यादा आहे हे खरे. पण त्यासाठी ताबा मालकाच्या हक्कास उघडपणे आव्हान देणारा असावा लागतो, आणि मालकाच्या परवानगीने, त्याच्या वतीने ठेवलेली किल्ली हा तसा ताबा नव्हे. २०१२ साली गोव्यातील एका घराच्या वादात, जिथे बहिणीचे घर भावाने सांभाळता सांभाळता आपले म्हणून सांगितले होते, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटले, की देखरेख करणारा, पहारेकरी अथवा नोकर यांना कितीही दीर्घ काळ ताबा असला तरी त्या मिळकतीत हक्क प्राप्त होत नाही. तेव्हा भीतीपोटी काहीच न लिहिणे हा शहाणपणा नव्हे. उलट, परवानगी लेखी असली म्हणजेच ती परवानगी होती हे पुढे सिद्ध करता येते. घरपट्टीची पावती मालकाच्या नावाने फाडावी. राखणदाराचे कुटुंब आवारातील खोलीत राहत असेल तर त्यास वेतन द्यावे, त्याजकडून भाडे घेऊ नये. मुखत्यारपत्र करावयाचे तर देखरेख, दुरुस्ती, कर भरणे व कचेरीतील अर्ज एवढ्यापुरतेच करावे. विकण्याचा अधिकार त्यात घालण्याचे काहीही कारण नसते, आणि घालण्याचा आग्रह जो धरील त्याला किल्लीही देऊ नये.

बिनपगारी राखणदारांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हा लेख अन्यायाचा होईल. बहुसंख्य बंद घरे माझ्यासारख्यांच्या नव्हे, तर शेजारच्या काकींच्या भरवशावर उभी आहेत. त्या अंगण झाडतात, तुळशीला पाणी घालतात, तिन्हीसांजेला ओटीवर पणती ठेवतात, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आली म्हणजे बंद दारापुढे रांगोळी घालून त्या घराच्या वतीने ओटी भरतात. मोबदला म्हणून पडलेले नारळ आणि उतरलेल्या आंब्यांतला वाटा. हा करार कोणी लिहिलेला नसतो, आणि मालकाचा मुलगा एखाद्या मे महिन्यात येऊन नारळांचा हिशेब विचारतो तेव्हा तो मोडतो. नारळ मोजणारे मालक मी पुष्कळ पाहिले. कौले मोजणारा अजून भेटावयाचा आहे. याच मालकांपैकी काहीजण घराच्या जागेच्या राखणदाराची, म्हणजे त्या अदृश्य पुरुषाची, वार्षिक राखण न चुकता देतात, कोंबड्याचे पैसे वेळेवर पाठवितात. त्या श्रद्धेविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. दृश्य राखणदारासही तेवढ्याच नियमितपणे पाठवावे, इतकेच.

हा अंक हाती पडेल तेव्हा परतीचा पाऊस ओसरलेला असेल, आणि वाचकांपैकी काहीजण चार दिवसांसाठी गावी निघाले असतील. पडझड पाहण्यास हाच काळ उत्तम. गणपतीत सारे घर ओले असते, त्यामुळे कोणती ओल कोठली हे कळत नाही. पौषापर्यंत डाग फिके पडून जातात. कार्तिकात भिंतीवरच्या ओलीच्या कडा अगदी स्पष्ट दिसतात. त्यांच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालावी, म्हणजे पुढल्या वर्षी ओल वाढली की घटली हे ताडून पाहता येईल. निघताना किल्लीबरोबर एक कागद द्यावा. त्यावर न विचारता करावयाच्या खर्चाची मर्यादा आकड्यांत व अक्षरांत लिहून सही करावी, आणि तेवढी रक्कम आगाऊ ठेवावी. शाकारणीचे गडी माघातच सांगून ठेवावेत. वैशाखात ते मिळत नाहीत.